जवसाचं तेल, थोडी थुंकी आणि देशमुखांची मिशी

आमच्या परभणीकडं अजून करडईचं तेल खाणारी घरं आहेत, अशा घरात गॅसच्या वरच्या फळीवर एकदा बोट फिरवून बघा. पिवळट, चिकट, पाण्याला अजिबात दाद न देणारा थर लागतो, आमची आई दरवर्षी दिवाळीच्या आधी सोडा, गरम पाणी आणि शेवटी सुरी घेऊन त्याच्या मागं लागते. मी संभाजीनगरात एका म्युझियममध्ये जुनी पेंटिंग्ज सांभाळायचं काम करते, कॉन्झर्व्हेटर म्हणतात त्याला, आणि खरं सांगू का, माझ्या कामाचं निम्मं शास्त्र त्या फळीवरच आहे.

ऑइल पेंटिंगमधलं ऑइल म्हणजे बहुतेक वेळा जवसाचं तेल. हो तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीसोबत खातो, पोरं क्रिकेटच्या बॅटला ज्याचं तेल पाजतात. युरोपातले चित्रकार पाच-सहाशे वर्षांपासून रंगाची पूड याच तेलात घोटत आलेत. आणि गंमत म्हणजे पांढऱ्या रंगाच्या बऱ्याच ट्यूबांमध्ये आज करडईचं तेल असतं, कारण जवसाचं तेल काळानुसार पिवळं पडतं, करडईचं त्यामानानं कमी.

आता हे तेल वाळतं म्हणतो आपण, पण कपडे वाळतात तसं ते वाळत नाही. कपड्यातलं पाणी उडून जातं, तेलातून उडून जाण्यासारखं काही नसतंच. उलट ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्यामुळं सुरुवातीला त्याचं वजन चक्क वाढतं. जवसाच्या तेलातल्या लांबलचक साखळ्यांमध्ये दुहेरी बंधाच्या जागा भरपूर असतात, तिथं ऑक्सिजन शिरतो आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, अशी जोडाजोडी होत होत पातळ तेलाचं एक सलग जाळं बनतं. शेंगदाण्याच्या तेलात अशा जागा कमी, म्हणून त्यानं चित्र काढलं तर ते नीट वाळणारच नाही. हाताला सुकं लागायला आठवडाभर पुरतो पण आतलं जाळं पुढं कित्येक वर्षं घट्ट होत राहतं. (जाता जाता, या जोडाजोडीत उष्णता निघते. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकते, म्हणून आमच्याकडं झाकणाचा पत्र्याचा डबा असतो, त्यात पाणी, त्यात चिंध्या. नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, चित्रं नंतर.)

तर खाली हे जाळं आणि त्याच्यावर वार्निश. जुनं वार्निश म्हणजे झाडाची राळ, टर्पेंटाइनमध्ये विरघळवून पुसलेली. राळेचे रेणू लहान लहान असतात, तेलासारखं जाळं काही त्यांचं बनत नाही, पण काही वर्षांनी ती पिवळी मग तपकिरी होते, आणि निळं आकाश हिरवट दिसायला लागतं. ही राळ योग्य द्रावणानं विरघळते, खालचं जुनं तेलाचं जाळं मात्र विरघळत नाही, फार तर जरा फुगतं. आमचा सगळा धंदा या एवढ्याशा फरकावर चालतो. द्रावण जरा जास्त कडक झालं की कापसाच्या बोळ्यावर चित्रातला रंग यायला लागतो, म्हणून कडेच्या बोटभर जागेत आधी सौम्य, मग थोडं तेज असं करत करत बघायचं, बोळा घासायचा नाही, नुसता लाटायचा, आणि प्रत्येक वेळी भिंगाखाली बघायचं की निघालं ते पिवळं आहे का निळं. दिवसभरात तळहाताएवढी जागा झाली तर मी खूश असते.

पण वार्निशच्या आधी वरची धूळ, उदबत्तीचा धूर, लोकांच्या हाताचं तेल हे काढावं लागतं आणि त्यासाठी आम्ही थुंकी वापरतो. हसू नका, जगभर वापरतात. थुंकीत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं जे पिठूळ मळ तोडतं, शिवाय ती बुळबुळीत असल्यानं धूळ उचलून धरते, आणि आम्ल-अल्कलीच्या मापात साधारण मधोमध असते. पोर्तुगालच्या संशोधकांनी ती इतर द्रावणांसोबत ताडून बघितली होती, त्याबद्दल त्यांना २०१८ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते बक्षीस. नंतर डिस्टिल्ड पाण्याच्या बोळ्यानं पुसून घ्यायचं. माझी आजी विचारायची, "काय करायलीस गं दिवसभर तिथं?" मी म्हणायचे, कापसावर थुंकायलेय. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याला मात्र हे काम आम्ही देत नाही, आणि आमच्या भागात त्यामुळं माणूस मिळणं जरा अवघडच जातं.

आता हात का आखडता घ्यायचा, त्याचं उदाहरण आमच्यापासून शंभर किलोमीटरवर आहे. अजिंठ्याची चित्रं तेलातली नाहीत, मातीच्या गिलाव्यावर, तो सुकल्यावर काढलेली आहेत, त्यामुळं तिथं साधं पाणीसुद्धा जपून लावावं लागतं. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारनं इटलीहून चेक्कोनी आणि ऑर्सिनी असे दोन तज्ज्ञ आणले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला, ते झालं नसतं तर आज बरंच काही दिसलं नसतं, म्हणून मला त्यांना नावं ठेववत नाहीत. पण वरून लाखेचा हात दिला, आणि लाख हळूहळू काळपट होते, वर जुनी होईल तशी विरघळायचं नाव घेत नाही, म्हणजे राळेसारखी न राहता तीही जाळ्याच्या वळणावर जाते. ती लाख उतरवण्यात पुढं पुरातत्त्व खात्याच्या रसायन विभागाची कित्येक वर्षं गेली. त्यामुळं आज आम्ही जे काही लावतो ते उद्या निघालंच पाहिजे असा नियम आहे, म्हणून पॅरालॉइड बी-७२ सारखी रेझिन वापरतो, वर्षानुवर्षांनीसुद्धा ॲसिटोनमध्ये विरघळणारी.

गेल्या वर्षी एका वाड्यातून देशमुखांचं पोर्ट्रेट आलं, खाली साल १८९८. चित्र वर्षानुवर्षं कूलरसमोर टांगलेलं होतं, म्हणजे मे महिन्याच्या कोरड्या उन्हात दिवसभर दमट वारं आणि रात्री बंद, कॅनव्हासमधलं सरस रोज फुगून आकसायचं आणि रंगाला भेगा. ते ठीक आहे, ते बसवता येतं. पण खोलीत अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला तर जुनं वार्निश हिरवट चमकलं आणि मिशी तेवढी काळी ठिक्कर दिसली. जे नंतर वरून लावलेलं असतं ते असं काळं दिसतं. मग एक्स-रेनं मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं मशीन आणवलं, मिशीतल्या पांढऱ्या केसांत टायटॅनियम निघालं. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला साधारण १९२० च्या आसपास, त्यामुळं १८९८ ला तो असणं शक्यच नाही, कुणीतरी नंतर मिशी भरदार करून दिली होती.

काढायची का? अडचण अशी की ज्यानं केलं त्यानं तेलरंगानंच केलं. खाली तेलाचं जाळं, वरही आता जुनं झालेलं तेलाचंच जाळं, मघाशी सांगितलेला तो फरक इथं उरलाच नाही, वरचं विरघळवायला गेलं तर खालचा ओठही जायचा. शेवटी भेगा बसवल्या, वार्निश बदललं, टॉर्चखालचे फोटो फाइलला लावले आणि मिशी तशीच ठेवली.

चित्र न्यायला आलेल्या आजोबांना भीत भीत सांगितलं की ही मिशी नंतरची आहे. ते म्हणाले, "मिशी खरीच होती की. पहिल्या पेंटरनं कमी काढली होती."