दोन 'अँड', दोन बहिणी: एलिनॉर-मेरीअ‍ॅन आणि जेन-एलिझाबेथ

"ती पाच बहिणींची ना? आई सारखी लग्नाच्या मागे लागलेली असते, ती?" 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं नाव काढलं की कुणी ना कुणी हे विचारतंच. नाही, ती 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. गल्लत साहजिक आहे म्हणा. लेखिका एकच, जेन ऑस्टिन. पहिली कादंबरी १८११ची, दुसरी १८१३ची. दोन्ही नावांत मधे 'अँड', दोन्हींत एकमेकींवर जीव असलेल्या दोन बहिणी ('सेन्स'मध्ये एलिनॉर आणि मेरीअ‍ॅन डॅशवुड, 'प्राइड'मध्ये जेन आणि एलिझाबेथ बेनेट), पदरी पैसा बेताचा. दोन्हींत एक हसरा तरुण घरी येऊ लागतो आणि एके दिवशी अचानक लंडनला निघून जातो. आपल्याकडे त्यात ऐश्वर्या रायची भर. २०००च्या 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' या तमिळ सिनेमात ती मेरीअ‍ॅनच्या जागी आहे आणि २००४च्या 'ब्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एलिझाबेथच्या. चेहरा एकच, मग डोक्यात गोष्टीही एक होऊन बसतात.

यावर नेहमीचा तोडगा असा, की दोन्हीकडे एक बहीण समंजस आणि एक मनस्वी, इतकं लक्षात ठेवलं की झालं. मला वाटतं, घोळ तिथेच होतो.

ऑस्टिनने या कादंबऱ्यांच्या पहिल्या खर्ड्यांना दिलेली नावं बघा. 'सेन्स'चं नाव होतं 'एलिनॉर अँड मेरीअ‍ॅन' आणि 'प्राइड'चं 'फर्स्ट इम्प्रेशन्स'. म्हणजे पहिलीत दोन बहिणी समोरासमोर उभ्या आहेत. दुसरीत विषय आहे पहिल्या भेटीत माणसाबद्दल करून घेतलेलं मत. गर्व आणि पूर्वग्रह यांची वाटणी होते ती नायक डार्सी आणि एलिझाबेथमध्ये, जेनच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही.

'सेन्सिबिलिटी' या शब्दानेही फसायला होतं. आज आपण 'सेन्सिबल माणूस' म्हणतो ते व्यवहारी, समजूतदार माणसाला. त्या काळी 'सेन्सिबिलिटी' म्हणजे मन पटकन हेलावणं. कवितेने, संगीताने, नुसत्या गळून पडलेल्या पानांनीसुद्धा. आणि हेलावलेलं मन लपवायचं नाही, कारण लपवणं म्हणजे लबाडी. मेरीअ‍ॅनचं वागणं अगदी असंच. (गळलेल्या पानांचं वेड तुझ्याइतकं सगळ्यांना नसतं, असं एलिनॉर तिला एकदा सुनावते, ते मला फार आवडतं.)

आता पैशाकडे येऊ, कारण दोन्ही घरं गरीब होतात ती वेगवेगळ्या वाटांनी. बेनेटांच्या लाँगबोर्नला वर्षाला २००० पौंडांचं उत्पन्न आहे, पण इस्टेट पुरुष वारसाकडेच जाईल अशी आधीपासूनची अट आहे. पाचही मुली, त्यामुळे वडिलांच्या मागे सगळं दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सचं. यात राग धरावा असं माणूस कुणी नाही, अटच तशी. डॅशवुडांकडे मात्र आधी आडवं येतं एक मृत्युपत्र. वडिलांचे म्हातारे काका सावत्र भावाच्या लहानग्याच्या बोबड्या बोलांवर भाळून इस्टेट त्याच्यासाठी बांधून टाकतात, आणि वर्षानुवर्षं सेवा केलेल्या तिघी मुलींना (तिसरी धाकटी मार्गारेट) हजार-हजार पौंड. बेनेटांचं संकट उद्याचं आहे, डॅशवुडांचं कालचं.

मृत्युपत्रावरही ते भागत नाही. दुसऱ्या प्रकरणात सावत्र भाऊ जॉन आणि त्याची बायको फॅनी बोलत बसतात, तेवढी पानं तरी मुळातून वाचावीत. मरताना वडिलांनी जॉनकडून बहिणींची काळजी घेण्याचं वचन घेतलंय. त्याने मनाशी आकडा ठरवलाय ३००० पौंड, प्रत्येकीला हजार. फॅनी म्हणते, आपल्या बाळाचे एवढे पैसे कमी करायचे? बरं, मग पाचशे-पाचशे. तेही जास्त वाटतात. मग आईला हयातभर वर्षाला शंभर द्यावेत का? नको बाई, असं काही मिळायला लागलं की माणसं मरतच नाहीत! मग अधूनमधून पन्नास पौंडांची भेट. शेवटी उरतं काय, तर घर शोधायला मदत, सामान हलवायला मदत आणि हंगामात मासे नि शिकार धाडणं. त्यांना खर्चच काय असणार, उलट त्याच तुम्हाला काही देऊ शकतील, इथपर्यंत भावजयीची मजल जाते. आणि सासूबाई चिनीमातीची न्याहारीची भांडी घेऊन चालल्यात, ती आपल्यापेक्षा दुप्पट चांगली आहेत, ही तक्रार वेगळीच. कुणाचा आवाज चढत नाही. इस्टेटीच्या वाटणीत असं बोलणं आपल्याकडे कुणी ऐकलंच नसेल असं नाही.

प्रतिष्ठेचं मोजमापही दोन्हीकडे एक नाही. 'सेन्स'मध्ये ते जवळजवळ उघड रोख रकमेत होतं. विलोबी मेरीअ‍ॅनला सोडतो ते ५०,००० पौंडवाल्या मिस ग्रेसाठी. एलिनॉरचं मन ज्याच्यावर आहे त्या एडवर्डच्या आईला सून हवी ती लॉर्डाची मुलगी, ३०,००० पौंड घेऊन येणारी. 'प्राइड'मध्ये पैसा आहेच (डार्सीचे वर्षाला १०,००० सगळ्यांना तोंडपाठ), पण डार्सीला खुपतात ते एलिझाबेथचे नातेवाईक. एक मामा लंडनच्या व्यापारी वस्तीत राहतो, मावशीचा नवरा गावातला वकील. गंमत म्हणजे त्याच्या जिवलग मित्राचा, जेनवर भाळलेल्या बिंगलीचा, पैसा व्यापारातूनच आलेला. डार्सीची मावशी लेडी कॅथरीन अंगावर येते तेव्हा एलिझाबेथ तिला ऐकवते, की तो जंटलमन आहे, मी जंटलमनची मुलगी, तिथे आम्ही बरोबरीचे. हे वाक्य एलिनॉरच्या तोंडी बसणार नाही. ती खोटं ठरवणार नाही ते, पण म्हणायच्या आधी गप्प बसेल.

आणि गप्प बसणं हीच माझ्या मते या दोन पुस्तकांमधली खरी खूण. एलिनॉर गप्प, जेनही गप्प, म्हणून लोक त्यांना एका माळेत ओवतात. एलिनॉरचं गप्प बसणं मात्र कमावलेलं आहे. ज्या एडवर्डवर तिचा जीव, त्याचं आपल्याशीच लग्न चार वर्षांपूर्वी गुपचूप ठरलंय, हे लूसी स्टील तिलाच विश्वासात घेऊन सांगते आणि कुणाला न सांगण्याचा शब्द घेते. चार महिने एलिनॉर ते पोटात ठेवते, वर मेरीअ‍ॅनचं रडणं सांभाळते. कळल्यावर मेरीअ‍ॅनचा विश्वासच बसत नाही. चार महिने! लेखिका इथे पूर्ण एलिनॉरच्या बाजूने आहे.

दोन वर्षांनी आलेल्या पुस्तकात तीच लेखिका उलटी बाजू दाखवते. जेनचं गप्प बसणं स्वभावातलं, त्यामागे कसलाही निश्चय नाही. शेजारची शार्लट सुरुवातीलाच बजावते, की प्रेम इतकं झाकलं तर ज्याला कळायला हवं त्यालाही कळणार नाही. तसंच होतं. जेनचा शांत चेहरा बघून डार्सी ठरवतो की हिचं काही मन गुंतलेलं नाही, आणि बिंगलीला दूर ठेवतो. एका बहिणीला जे तारतं तेच दुसरीचं ठरत आलेलं स्थळ मोडायला पुरतं. म्हणून 'समंजस थोरली' असा एकच शिक्का दोघींवर मारता येत नाही. एलिझाबेथ आणि मेरीअ‍ॅनचंही तेच. दोघी फटकळ खऱ्या, पण मेरीअ‍ॅन भावनेपायी फसते, तर एलिझाबेथ फसते स्वतःच्या हुशारीवरच्या भरवशाने.

राहता राहिला शेवट. 'प्राइड'चा सगळ्यांना माहीत आहे. 'सेन्स'मध्ये बहिणींचा एकदा वाद होतो, सुखाला पैसा लागतो का? लागत नाही, बेताचं उत्पन्न पुरे, म्हणते मेरीअ‍ॅन. बेताचं म्हणजे? वर्षाला दोन हजार! एलिनॉर हसते. तिच्या लेखी एक हजार म्हणजेच श्रीमंती. पुढे मेरीअ‍ॅनचं लग्न होतं ते कर्नल ब्रँडनशी, ज्याचं उत्पन्न बरोबर दोन हजार. एलिनॉर आणि एडवर्ड यांचा पाच टक्के व्याजाने हिशेब मांडला तर साडेआठशेच्या आसपास येतो, हजाराला दीडशे कमी. त्यांना मात्र कमी भासतात दोनच गोष्टी. मेरीअ‍ॅनचं लग्न कर्नलशी व्हावं, आणि गाईंना जरा बरं कुरण मिळावं.