गॉगल खराब होतो तो पुसताना

गॉगल पडून फुटतो त्यापेक्षा पुसून जास्त खराब होतो. स्कूटरवरून उतरलं की शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसायचा, ही सवय अनेकांना आहे. आजच्या बहुतेक गॉगलच्या काचा खरं तर पॉलीकार्बोनेटसारख्या प्लॅस्टिकच्या असतात. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झ या खनिजाचे बारीक कण असतात. कठीणपणा मोजायच्या १ ते १० च्या मोह्स मापनावर क्वार्ट्‌झचा कठीणपणा ७, खिडकीच्या काचेचा साडेपाचच्या आसपास. प्लॅस्टिक तर त्याहून बरंच मऊ. कोरड्या कापडाखाली हे कण काचेवरून फरफटत जातात आणि चरे पाडतात. अशा बारीक चऱ्यांमुळे पॉलीकार्बोनेटचं अतिनील किरण अडवणं थांबत नाही, कारण ते काम प्लॅस्टिक स्वतःच करतं. पण प्रकाश विखुरतो. मावळतीच्या उन्हासमोर गाडी चालवताना सगळं पांढुरकं दिसतं आणि डोळे शिणतात.

म्हणून आधी गॉगल नळाखाली धरावा. धूळ वाहून गेली की भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब बोटांनी हलकेच चोळावा, धुवावा आणि मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्यावा. पाणी गरम नको. नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळही नको, त्यातल्या अ‍ॅसिटोनने प्लॅस्टिक विरघळतं.

दुसरा शत्रू उष्णता. पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कमी करणाऱ्या काचेच्या पोटात ताणलेल्या पॉलिव्हिनिल अल्कोहोलची पातळ फिल्म असते. तिच्यात बहुधा आयोडीन मुरवलेलं असतं, आणि रस्त्यावरून किंवा पाण्यावरून परावर्तित होणारी तिरीप तीच अडवते. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान ७० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतं. थर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, कडेने सुटतात, वरच्या लेपाला जाळीदार तडे जातात. आर्द्रतेची भर पडली की फिल्मचा रंगही उडतो. आपली फिल्म शाबूत आहे का, हे घरीच कळतं: गॉगल लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात काच जवळजवळ काळी व्हायला हवी. कुठे फिकट डाग राहिला, तर तिथे फिल्म गेली.

घाम आणि सनस्क्रीननेही फ्रेम पांढरट पडते; समुद्रावरून आल्यावर तर गॉगल गोड्या पाण्याने धुवायलाच हवा. डोक्यावर अडकवल्याने काड्या फाकतात, मग गॉगल नाकावरून घसरतो आणि वरून ऊन आत येतं.

जुन्या किंवा स्वस्तातल्या गॉगलबद्दल शंका असेल, तर अतिनील किरण मोजायचं यंत्र असलेल्या चष्म्याच्या दुकानात तो तपासून घ्या. काच गडद असूनही अतिनील किरण अडवत नसेल, तर अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तेच किरण डोळ्यात जास्त शिरतात. असा गॉगल वापरू नये.