घाईत झालेला कायदा आणि त्यामागून आलेली राज्यं

२८ जून २०१८ रोजी ग्राहकांच्या खासगी माहितीचा कायदा घाईघाईने करताना अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाची धांदल उडाली होती, आणि त्याला कारण होता एक बिल्डर. सॅन फ्रान्सिस्कोत बांधकामाचा व्यवसाय करणारे अलिस्टर मॅक्टॅगर्ट. एका पार्टीत गूगलच्या इंजिनिअरशी गप्पा मारताना कंपन्यांकडे आपली किती माहिती साठलेली असते हे त्यांना कळलं आणि ते चक्रावले. पुढे ही माहिती जपणाऱ्या कायद्याच्या प्रस्तावासाठी स्वतःचे लाखो डॉलर ओतून त्यांनी सहा लाखांहून जास्त सह्या जमवल्या. त्या राज्यात पुरेशा सह्या भरल्या की प्रस्ताव थेट मतदारांपुढे जातो, आणि मतदारांनी केलेला कायदा विधिमंडळाला सहजासहजी बदलता येत नाही. कंपन्यांना धडकी भरली ती याचीच.

त्यात मार्चमध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण (फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती राजकीय प्रचारासाठी वापरल्याचं) गाजलं होतं आणि मेमध्ये युरोपचा जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा लागू झाला होता. शेवटी तडजोड ठरली: प्रस्ताव मागे घेण्याच्या मुदतीपर्यंत कायदा करा, मी माघार घेतो, असं मॅक्टॅगर्ट म्हणाले. आठवडाभरात विधेयक उभं राहिलं, दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालं आणि गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी मुदतीच्या दिवशीच सही केली. हाच सीसीपीए, म्हणजे कॅलिफोर्निया कन्झ्युमर प्रायव्हसी ॲक्ट: कंपनीकडे आपली कोणती माहिती आहे ते विचारण्याचा, ती पुसायला सांगण्याचा आणि तिची विक्री नाकारण्याचा हक्क. इतक्या घाईत केलेल्या कायद्याला मागाहून ठिगळं लागणारच. नोव्हेंबर २०२० मध्ये मॅक्टॅगर्ट पुन्हा मतदारांकडे गेले, कायदा कडक करून घेतला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी वेगळी सरकारी यंत्रणाही मिळवली.

तसं पाहिलं तर कॅलिफोर्नियाला हे नवीन नव्हतं. खासगीपणाचा हक्क तिथल्या राज्यघटनेत १९७२ पासून आहे. २००२ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या नोंदींतच कुणीतरी घुसखोरी केली. आमदारांची नावंही त्याच यादीत होती. मग माहिती चोरीला गेली तर संबंधितांना कळवायलाच हवं, असा अमेरिकेतला पहिला कायदा त्याच वर्षी झाला. झळ स्वतःला बसली की कायदे लवकर होतात!

व्हर्जिनिया राज्याने २०२१ मध्ये असाच कायदा करताना वेगळी वाट धरली. तिथे ग्राहकाला स्वतः कोर्टात जाता येत नाही. कारवाई फक्त ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्य सरकारचा मुख्य वकील, करणार, तीही कंपनीला चूक सुधारायला ३० दिवस देऊन. मूळ मसुदा ॲमेझॉनच्या लॉबिस्टने (कंपनीची बाजू आमदारांपुढे मांडणाऱ्या माणसाने) राज्याच्या सिनेटरच्या हाती दिला होता, असं वृत्त रॉयटर्सने नंतर दिलं. पुढच्या बहुतेक राज्यांनी थोड्याफार फरकाने हाच साचा उचलला, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

कंपन्यांची तयारी सुरुवातीला वरवरची होती. वेबसाइटच्या तळाशी ‘माझी माहिती विकू नका’ अशी लिंक टाकली, वकिलाकडून प्रायव्हसी पॉलिसी नव्याने लिहून घेतली की काम झालं, असा समज होता. तो मोडला ऑगस्ट २०२२ मध्ये. सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या सेफोराने कॅलिफोर्नियाशी १२ लाख डॉलरवर तडजोड केली. कंपनीने ग्राहकांच्या याद्या कुणाला रोख पैशांत विकल्या नव्हत्या. साइटवर ग्राहकांच्या हालचाली टिपणारे दुसऱ्या कंपन्यांचे ट्रॅकर बसवले होते आणि बदल्यात ॲनालिटिक्स (ग्राहकांच्या वागण्याचं विश्लेषण) व जाहिरातींचा फायदा घेतला होता. राज्याच्या मते तीही विक्रीच. शिवाय ‘माझी माहिती विकू नका’ असं ब्राउझर आपोआप कळवतो, तो ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोलचा सिग्नल साइट ऐकतच नव्हती.

तेव्हापासून तयारीचं काम वकिलाच्या टेबलावरून मार्केटिंग आणि आयटीकडे सरकलं. आपल्या साइटवर कोणाकोणाचे पिक्सेल (ट्रॅकिंगचे छोटे अदृश्य कोड) आहेत, ग्राहकाचा ईमेल कुठल्या कुठल्या सिस्टिममध्ये जातो, याचा आधी नकाशा काढावा लागतो. तो नसेल तर ‘माझी माहिती पुसा’ या अर्जाला ४५ दिवसांत उत्तर देणार कसं? व्हेंडरांशी, म्हणजे डेटा हाताळणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांशी, केलेले करारही बदलावे लागतात. अमेरिकन ग्राहकांचा डेटा हाताळणाऱ्या पुण्यातल्या आयटी कंपन्यांपर्यंत हे कायदे पोहोचतात ते अशा करारांच्या कलमांतून.

देशभर एकच कायदा करायचा प्रयत्न २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या (हाउस) समितीत ५३ विरुद्ध २ मतांनी पार पडला आणि तिथेच अडकला. केंद्राचा कायदा आपला कायदा बोथट करेल, ही कॅलिफोर्नियाची हरकत होती. दरम्यान राज्यांची रांग वाढत गेली. १ जानेवारी २०२६ पासून इंडियाना, केंटकी आणि ऱ्होड आयलंडचे कायदे लागू झाले. त्याआधी ऑक्टोबर २०२५ मध्ये लागू झालेला मेरीलँडचा कायदा मात्र व्हर्जिनियाच्या साच्यात बसत नाही: आरोग्यासारखी संवेदनशील माहिती तिथे ग्राहकाची संमती असली तरी विकता येत नाही.