साप सायकलस्वाराचा पाठलाग करतो का?

‘जंगलवाटेवर सायकलसमोर साप आला, तर तो चिडून पाठलाग करतो, म्हणून जोरात पेडल मारत त्याच्या अंगावरून निघून जावे’, असा संदेश वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. ही भीती स्वाभाविक आहे. परंतु तिच्यातून निघालेला सल्ला धोकादायक आहे.

काही प्रचंड अजगरांचा अपवाद सोडल्यास साप माणसाला गिळू शकत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने आपण भक्ष्य नसून प्रचंड आकाराचा धोका असतो. धोका दिसताच तो जवळच्या बिळाकडे, दगडाकडे किंवा झुडपाकडे धावतो, आणि तो आडोसा योगायोगाने आपल्या मागे असेल, तर तो आपल्याच अंगावर येत असल्याचा भास होतो. बाजूला सरकून पाच-सहा मीटरवर स्थिर उभे राहिल्यास त्याची दिशा आपल्यानुसार बदलत नाही, हे सहज पडताळता येते. अतिशय वेगवान मानला जाणारा आफ्रिकेतील विषारी साप ब्लॅक माम्बादेखील ताशी २० किलोमीटरच्या आतच, तेही थोड्या अंतरापुरता धावतो. सपाट वाटेवरील आपला वेग सायकलच्या मीटरवर पाहून तुलना करावी.

खरी अडचण वेगळी आहे. सापाला बाह्यकर्ण नसतो. जमिनीतील कंपने आणि हवेतील खालच्या पट्टीतील आवाज त्याला जाणवतात, त्यामुळे घंटीच्या किणकिणाटाचा फारसा उपयोग नाही. शिवाय सायकल वेगाने येत असल्याने त्याला सरकायला वेळ मिळत नाही. चाकाखाली आलेला साप उलटून पायाला दंश करू शकतो. म्हणून वळणावर वेग कमी ठेवावा, साप दिसताच दूर थांबावे आणि तो निघून जाईपर्यंत वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवावी.