जुळ्यांचे दिवस आणि आधीचे बाळंतपण

गरोदरपणाच्या केसपेपरवर आधीच्या बाळंतपणांसाठी जेमतेम एक ओळ असते आणि कितवी खेप, मुले किती, एवढे लिहून ती बहुधा संपते. पोटात जुळे किंवा तिळे असेल, तर मात्र आधीचे मूल कितव्या आठवड्यात झाले, ही नोंद फार मोलाची असते.

एका बाळाचे दिवस साधारणपणे ४० आठवड्यांनी भरतात. जुळी सरासरी ३५ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास, तर तिळी ३२ च्या आसपास जन्माला येतात. यामागचे एक मोठे कारण म्हणजे ताण. गर्भाशयाचा स्नायू खूप ताणला गेला, की त्याच्या पेशींना परस्परांशी जोडणारे सूक्ष्म मार्ग वाढतात, ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला तो अधिक तत्परतेने प्रतिसाद देतो, आणि एरवी सुटे सुटे आकसणारे तंतू एकदम आकसू लागतात, त्याच कळा.

जिचे आधीचे मूल पूर्ण दिवसांचे होते, तिची जुळी पहिलटकरणीच्या जुळ्यांपेक्षा सरासरीने थोडी अधिक काळ पोटात राहतात. एकदा ताण सोसलेले गर्भाशय दुसऱ्यांदा तो अधिक सहज पेलत असावे. शिवाय गर्भाशयमुख शेवटपर्यंत मिटलेले राहू शकते, याची खात्री आधीच पटलेली असते. फरक मोठा नसतो, पण फुप्फुसे तयार होण्याच्या त्या दिवसांत प्रत्येक आठवडा बाळासाठी मोठाच असतो.

उलट, आधीचे एकटे मूलही आपोआप कळा येऊन अपुऱ्या दिवसांचे झाले असेल, तर जुळ्यांच्या वेळी धोका स्पष्टपणे वाढतो. रक्तदाबामुळे डॉक्टरांनीच लवकर प्रसूती केली असेल, तर त्या नोंदीचा अर्थ निराळा होतो, म्हणून कारणही विचारले पाहिजे. आधी जुळीच लवकर झाली असतील, तर पुढच्या एकट्या बाळाच्या वेळी तेवढा ताण नसतो. तरीही ती ३४ आठवड्यांपूर्वी झाली असल्यास अधिक लक्ष ठेवावे लागते.

विसाव्या ते चोविसाव्या आठवड्यांदरम्यान योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी मोजतात. ती २५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा कमी भरली, तर काळजी वाढते. अशा वेळी घरोघरी दिला जाणारा सतत पडून राहण्याचा सल्ला प्रसूती लांबवतो असे चाचण्यांत दिसलेले नाही, आणि त्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो. त्यापेक्षा नवजात अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय आधीच ठरवून ठेवावे, कारण फुप्फुसांसाठीचे स्टेरॉइड इंजेक्शन प्रसूतीच्या निदान एक दिवस आधी मिळाले, तरच त्याचा पुरता लाभ होतो.