तळ्यांमधली राजधानी: विस्कॉन्सिन आणि मॅडिसन

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन प्रदेशाची (तेव्हा ते राज्य झालं नव्हतं) राजधानी मॅडिसनला करायचं १८३६ च्या नोव्हेंबरात ठरलं, तेव्हा तिथे शहर सोडाच, साधी वसाहतही नव्हती. होता तो फक्त नकाशा. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत जेम्स डोटी या माजी न्यायाधीशाने आधीच जमीन घेऊन ठेवली होती. गावाला त्याने त्याच उन्हाळ्यात वारलेल्या माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचं नाव दिलं आणि रस्त्यांना अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या करणाऱ्या ३९ जणांची. विधिमंडळ तेव्हा बेल्मॉंट नावाच्या आडगावात कुडकुडत बसलं होतं. डोटीने सदस्यांना उबेसाठी बायसनची कातडी पुरवली, काहींना नव्या गावातले प्लॉटही दिले. मिलवॉकी, ग्रीन बे यांच्यासारखे दावेदार मागे पडले.

ती जमीन ओसाड मात्र नव्हती. हो-चंक या तिथल्या मूळ रहिवासी लोकांकडून ती १८३२ च्या तहाने काढून घेण्यात आली. त्यांना पुन्हा पुन्हा पश्चिमेकडे हुसकावलं गेलं आणि ते पुन्हा पुन्हा परतले. प्राण्यांच्या आकाराचे हजार वर्षांपूर्वीचे मातीचे उंचवटे आजही विद्यापीठाच्या आवारात आहेत. मॅडिसनचा इतिहास १८३६ पासून सांगणं म्हणूनच अपुरं आहे.

१८४८ मध्ये विस्कॉन्सिन तिसावं राज्य झालं आणि त्याच वर्षी मॅडिसनमध्ये राज्याचं विद्यापीठ स्थापन झालं. विधानभवन आणि विद्यापीठ यांच्यात जेमतेम मैलभराचं अंतर. माझ्या मते या शहराचं भाग्य त्या मैलभरात आहे.

राज्याचा दुधाचा धंदाच पाहा. सुरुवातीला इथे शिशाच्या खाणी होत्या, मग गहू आला. सततच्या गव्हाने जमिनीचा कस गेला, किडीने पीक खाल्लं आणि शेतकरी गाईंकडे वळला. विल्यम होर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७२ मध्ये दूध उत्पादकांची संघटना उभारली. पण पैसे दुधाच्या वजनावर मिळत, त्यामुळे पाणी घालणाऱ्याचं आणि साय काढून घेणाऱ्याचं फावायचं. विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये यावर सोपी चाचणी काढली. दुधात गंधकाम्ल घालायचं, बाटली यंत्रात गरगर फिरवायची आणि वर आलेली चरबी बाटलीच्या मानेवरच्या खुणांवर मोजायची. चाचणीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. आपल्याकडे डेअरीवर दूध घालताना ‘फॅट किती लागली’ हे विचारलं जातं, त्यामागचं तत्त्व हेच. प्रामाणिक शेतकऱ्याला न्याय देणारं याहून साधं साधन मला तरी माहीत नाही.

पुढे रॉबर्ट ला फॉलेट गव्हर्नर झाले आणि त्यांचे वर्गमित्र चार्ल्स व्हॅन हाईस विद्यापीठाचे अध्यक्ष. विद्यापीठाचा उपयोग राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला व्हावा, हा व्हॅन हाईस यांचा आग्रह होता. प्राध्यापक कायद्यांच्या मसुद्यांना हातभार लावू लागले. ला फॉलेट सिनेटवर गेल्यानंतर, १९११ मध्ये, कामगारांच्या अपघात भरपाईचा आणि राज्य प्राप्तिकराचा असे दोन कायदे झाले. दोन्ही इतर राज्यांसाठी नमुना ठरले.

जुनं विधानभवन १९०४ मध्ये आगीत गेलं. ग्रॅनाइटच्या घुमटाचं आजचं भवन १९१७ मध्ये पुरं झालं. त्याच्या भोवतीच्या चौकात १९७२ पासून शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथे माल विस्कॉन्सिनमधलाच लागतो आणि तो पिकवणाऱ्यानेच विकायचा असतो. घुमटापासून मैलभराच्या आत त्याच्या खांबांच्या पायथ्याहून उंच इमारत बांधायला १९९० पासून कायद्याने बंदी आहे.