विझणारे जिवाणू आणि पेटणारे जिवाणू

ठाण्याच्या खाडीचं पाणी ‘चमकणाऱ्या जिवाणूंनी’ तपासता येईल का, असं ऐरोलीत मला बरेच जण विचारतात. येईल. पण असे जिवाणू दोन तऱ्हांचे असतात आणि त्यांच्या उजेडाचे अर्थ एकमेकांच्या उलट.

पहिला अलिविब्रिओ फिशेरी. हा समुद्रातला, मुळातच चमकणारा. त्याच्या जनुकांना कुणी हात लावलेला नसतो. नमुन्यात मिसळून 15 अंश सेल्सिअसला 5, 15 किंवा 30 मिनिटं ठेवायचा आणि उजेड मोजायचा. विषाने पेशीचं काम बिघडलं की उजेड घसरतो. विष कोणतं, हे मात्र कळत नाही. जस्त असो वा फिनॉल, तो फक्त मंद होतो. आणि त्याला खारं पाणी लागतं, म्हणून नाल्याचं पाणी तपासताना मीठ घालावं लागतं.

दुसरा घडवलेला. पाऱ्यापासून बचाव करणारी जनुकं काही जिवाणूंकडे निसर्गतःच असतात. मर-आर नावाचं प्रथिन ती बंद ठेवतं आणि पारा चिकटला की चालू करतं. शास्त्रज्ञ त्याच बटणाला उजेडाचं जनुक जोडतात. पारा आला, दिवा लागला! 1990 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीच्या संशोधकांनी डांबरगोळ्यांतल्या नॅप्थालीनसाठी असाच जिवाणू तयार केला होता.

गफलत होते ती अंधाराचा अर्थ लावताना. पहिल्यात अंधार म्हणजे धोका. दुसऱ्यात अंधार म्हणजे पारा नाही, असं वाटतं. पण पाणी इतकं जहाल असेल की पेशीच मेल्या, तरीही अंधारच! अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र येतं तिथे ही शक्यता खरी आहे. म्हणून सोबत कायम चमकणारा एक वाण ठेवतात. तोही विझला, तर ‘पारा नाही’ हा निष्कर्ष बाद.

घडवलेले जिवाणू खाडीत सोडणार का, ही भीतीही ऐकू येते. नाही, चाचणी बाटलीतच होते. उघड्यावर सोडायला 1989 च्या नियमांनुसार केंद्राची परवानगी लागते.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या नाल्यासाठी माझं मत असं: आधी पहिली चाचणी. उजेड घसरला, तर तोच नमुना पातळ करत करत पाऱ्यासाठी आणि तसेच आर्सेनिकसाठी घडवलेल्या जिवाणूंना द्यावा, आणि जिथे दिवा लागेल तो नमुना यंत्रावर मोजायला पाठवावा.